टाक्यातली तुरटी

त्याला हॉट टब म्हणतात हे मला भाऊजींनी सांगितलं. मी टाकंच म्हणते. चार माणसं बसतील एवढं निळसर, आतून गुळगुळीत, बाजूंना छिद्रं असलेलं टाकं. मोटर लावली की त्या छिद्रांतून गरम पाण्याच्या धारा सुटतात आणि अंगाला लागतात. श्रीमंत लोक त्यात मौज म्हणून बसतात. आमच्या अंगणात ते आलं ते यांच्या हातापायासाठी.

हे म्हणजे माझे मालक. अकोल्यात यांनी पंचवीस वर्षं मोटरी भरल्या. मोटर जळली की आतली तांब्याची तार काढून नवी घालायची, त्याला मोटर भरणं म्हणतात. दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं. विहिरीवरच्या मोटरी यायच्या, पिठाच्या गिरणीच्या यायच्या, उन्हाळ्यात कूलरच्या यायच्या. हे भरायचे आणि मी बाजूला बसून तारेचे वेढे मोजून वेटोळी करून द्यायची. शाळा माझी चौथीपर्यंतच, पण वेढे मोजताना माझा आकडा कधी चुकला नाही. गिऱ्हाईक आलं की मी आत निघून जायची. मला माणसांशी बोलता येत नाही. तोंड उघडायच्या आधीच घसा कोरडा पडतो. यांना ते माहीत होतं. म्हणून हे माझ्या वाटचंही बोलून टाकायचे.

भादव्यात यांना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणं मोडलं. शब्दाचा पुढचा तुकडा बाहेर यायचा, मागचा तोंडातच राहायचा. चहाला ‘च’, मोटरला ‘मो’. बाकीचं आम्ही ओळखायचं. म्हणजे घरात बोलणारं एक माणूस होतं, तेही गेलं. उरले मी आणि अर्धे अर्धे शब्द.

व्यायाम शिकवायला एक मॅडम यायच्या. त्या म्हणाल्या, “कोमट पाण्यात हात हलका होतो. पाण्यात व्यायाम करून घेता आला तर बघा. सुरुवातीचे महिने फार महत्त्वाचे असतात. नंतर जे राहिलं ते राहिलं.”

ते शेवटचं वाक्य माझ्या पोटात बसलं. भाकरी थापतानाही ते ऐकू यायचं.

भाऊजी, म्हणजे यांचे धाकटे भाऊ, अमरावतीला नळाची कामं घेतात. चिखलदऱ्याला एक हॉटेल बंद पडलं होतं, तिथलं सामान काढायचं काम त्यांना मिळालं. त्यात हे जुनं टाकं होतं. कोणी घेईना, म्हणून भाऊजींनी टेम्पोत घातलं आणि घाट उतरून, परतवाड्यावरून थेट आमच्या दारात आणलं. गल्ली जमा झाली. शेजारची म्हातारी म्हणाली, “काय वं, लग्नाची भाजी शिजवता का याच्यात?”

भाऊजी हसले आणि मला म्हणाले, “वयनी, एक ध्यानात ठेवजा. याच्यात काई टाकायचं नाई. साबन नाई, तेल नाई, हळद नाई. टाक्याचं औषध मी घेऊन येतो.”

मी मान हलवली.

टाक्याची मोटर जळलेली होती. यांनी खुर्ची टाक्याजवळ लावायला सांगितली आणि मोटर उघडवली. आतली जुनी तार जळून एकमेकीला चिकटली होती, वेढे मोजता येईनात. तेव्हा हे मोटरच्या पत्र्याकडे खूप वेळ पाहत बसले. मग डाव्या हाताची बोटं उघडून मिटून मला आकडा दाखवला. डोक्यातून काढलेला आकडा. मी तो पाटीवर लिहून दाखवला, यांनी मान डोलावली. मग आयुष्यात पहिल्यांदा मी एकटीनं मोटर भरली. हे बघत होते. तार चुकीच्या खाचेत गेली की ‘हं’ असा आवाज करायचे. तीन दिवस लागले. मोटर पहिल्याच झटक्यात फिरली. यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, जोडीदार मिस्त्रीला मारावी तशी.

वीस दिवस टाकं चाललं. थंडीचे दिवस होते. सकाळी ऊन आलं की भाऊजींनी बसवलेल्या पायरीवरून मी यांना धरून आत उतरवायची. दहाव्या का बाराव्या दिवशी पाण्यात यांची उजवी करंगळी हलली. मला वाटलं पाण्याच्या धारेनं हलली असेल. मी मोटर बंद केली. पाणी स्थिर झालं. करंगळी पुन्हा हलली.

मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं की थांबेल असं वाटत होतं.

आता मी काय केलं ते लिहिते.

आमच्याकडे बोअरचं पाणी खारं आहे. या सगळ्या पट्ट्यातच खारं. भांडं वाळलं की त्यावर पांढरा थर धरतो. नळाचं गोड पाणी येईल तेव्हा येतं, ते प्यायला आणि शिजवायलाच पुरत नाही. त्यामुळे टाकं बोअरच्या पाण्यानं भरलं होतं. तिसऱ्या आठवड्यात ते गढूळ झालं. भांडी विसळलेल्या पाण्यासारखं दिसायचं, वर फेस धरायचा. भाऊजी औषध आणणार होते, पण लग्नसराईची कामं लागली, त्यांचं येणं पुढे गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम येणार होत्या. असल्या पाण्यात मी यांना बसवते हे त्यांनी पाहिलं असतं. पाणी बदलावं तर पुन्हा तापायला दीड दिवस, म्हणजे दीड दिवस व्यायाम बुडाला.

माझं माहेर पूर्णेच्या काठचं. पावसाळ्यात पाणी लाल यायचं. माय घागरीत तुरटीचा खडा चार वेळा फिरवायची, सकाळपर्यंत सगळा गाळ खाली आणि वर आरशासारखं पाणी. मी तेच केलं. किराण्याच्या दुकानातून मोठा खडा आणला, खलबत्त्यात कुटला, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात पुरचुंडी बांधली. दुपारी हे खाटेवर झोपले होते. मी टाक्याच्या कडेनं चालत पुरचुंडी पाण्यात गोल गोल फिरवली. घागरीला खडा तर टाक्याला किती, याचा अंदाज नव्हता. विरघळून संपेपर्यंत फिरवली.

सकाळी पाणी इतकं स्वच्छ झालं होतं की तळाची छिद्रं मोजता येत होती. मॅडम म्हणाल्या, “वा! छान ठेवलंय पाणी.” मला दिवसभर बरं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी पाण्यात हात घातला तर पाणी गार.

टाक्याच्या कडेला एक छोटी काच आहे, तिच्यात पाणी किती गरम आहे त्याचा आकडा उमटतो. आकड्याच्या जागी तीन अक्षरं होती. इंग्रजी मला येत नाही. पहिलं अक्षर म्हणजे खुंटी आणि तिला एकाच बाजूला दोन आडव्या काड्या. दुसरं उभी काठी आणि पायाशी एक आडवी. तिसरं पूज्य. उमटायची आणि विझायची, उमटायची आणि विझायची. मी बटण बंद करून चालू केलं. थोडा वेळ आकडा आला, मग पुन्हा तीच तीन अक्षरं.

मला पहिली आठवण पुरचुंडीची झाली.

कॅलेंडरच्या मागे ती अक्षरं काढली, शेजारणीच्या मुलीकडून फोटो काढून भाऊजींना पाठवला. त्यांचा फोन आला. “फ्लो लिहून राहिलं ते. म्हंजे पानी वाहून नाई राहिलं. मोटर चालू हाय का?”

मी म्हटलं, हो.

“धारा येतात का?”

मी म्हटलं, येतात. बारीक येतात हे म्हटलं नाही. बारीक येतात हे तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं की नव्हतं, आता सांगता येत नाही.

“मंग काहून दाखवून राहिलं?” भाऊजी म्हणाले. “काई टाकलं तं नाई ना त्याच्यात?”

माझ्या तोंडून “नाही” निघालं. इतकं लहान होतं ते, पण निघालं.

भाऊजी दोन दिवसांनी आले, जाऊबाईही आल्या. भाऊजींनी टाक्याची बाजूची फळी काढली. आत अंधार, नळ्या आणि उंदराचा वास. एक तार उंदरानं कुरतडली होती. भाऊजी आनंदानं ओरडले, “सापडला! हा बगा चोर!” तार कापली, नवी जोडली, पट्टी गुंडाळली. मीही मनात देवाचे आभार मानले. उंदीर निघावा, मी न निघावी. बटण दाबलं. आकडा आला. आम्ही सगळे काचेकडे पाहत उभे राहिलो. चहा गार झाला. मग खुंटी, काठी, पूज्य.

मग त्यांनी पाणी तापवायची नळी सिरीजच्या बल्बवर तपासली. बल्ब पेटला, म्हणजे नळी शाबूत होती. “तापवाची नळी चांगली, तरी तापत नाई. म्हंजे याले वाटून राहिलं का पानी कमी हाय, म्हून हा नळीले करंटच देत नाई,” असं भाऊजींनी मला समजावून सांगितलं. मला ते लगेच समजलं. पाणी न वाहता नळी तापली तर जळेल, म्हणून ते अडवून धरतं.

हे खुर्चीत बसून सगळं पाहत होते. एकाएकी डावा हात टाक्याकडे करून म्हणाले, “पान…”

जाऊबाई उठून पेलाभर पाणी घेऊन आल्या. यांनी तो हातानं लोटला. पाणी त्यांच्या साडीवर सांडलं.

“पानी नाई पायजे तं नाई म्हना ना, आंघोळ काहून घालता मले?” जाऊबाई म्हणाल्या. मग यांच्याकडे वाकून मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसं म्हणाल्या, “पान खाता का? पान? आनू का ठेल्यावरून?”

यांनी डोळे मिटून घेतले. पुन्हा टाक्याकडे हात. “पान… पान…”

मला वाटलं मला समजलं. पंचवीस वर्षं यांनी दिवसातून शंभर वेळा मला एकच शब्द टाकला होता, पाना. पाना दे, लहान पाना दे, तो नाई वं, दुसरा. टाक्याचं काम चाललं आहे, यांना नट आवळायचा आहे. मी पेटीतून बारा नंबरचा पाना काढून यांच्या डाव्या हातात दिला. यांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाना अंगणात फेकून दिला.

भाऊजी हळू आवाजात जाऊबाईंना म्हणाले, “दादाचं काई खरं नाई आता.” यांनी ते ऐकलं. कान चांगले होते.

त्या दिवसापासून हे रोज तेच म्हणायचे. मी एकटी असले की जास्त. मी एकदा मोठा पाना दिला, एकदा पकड दिली, एकदा सगळी पेटीच पुढ्यात ठेवली. यांनी पेटी पायानं सरकवली. दिवस जात होते. सकाळी ऊन यायचं, पायरी कोरडी असायची. मी खाटेवरच तेल लावून यांच्या बोटांना व्यायाम द्यायची. करंगळी हलायची थांबली होती. थंडीनं हात आखडून छातीशी आला होता. सुरुवातीचे महिने. नंतर जे राहिलं ते राहिलं.

मी पुन्हा पुन्हा हिशेब मांडायची. तुरटीनं काय होतं? माणसं पितात ते पाणी, कोणी मरत नाही. हे दाढी झाल्यावर गालाला लावायचे, गाल कधी जळला नाही. पण तुरटी खरबरीत असते, जीभ आखडते. तशी मोटर आखडली असेल का? विचारायचं कोणाला? विचारलं की सांगावं लागणार. सांगितलं की सगळे म्हणणार, नवरा सुधारत होता, हिनं घालवला.

मग मूर्तिजापूरच्या भाईंना बोलावलं. हे आणि भाई तरुणपणी एकाच उस्तादाकडे शिकले. भाई पॅसेंजरनं आले, खांद्यावर पिशवी, पिशवीत मीटर आणि माझ्यासाठी बोरं. यांच्यापुढे उकिडवे बसून त्यांनी यांचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला. “क्या मिस्त्री, आरामच चालू हाय? आमाले तं एक दिवस सुट्टी भेटत नाई.”

हे अर्ध्या तोंडानं हसले. किती दिवसांनी.

भाईंनी मोटरला सुरुवातीचा जोर देणारा कंडेन्सर बदलला. दबका आवाज तसाच. मोटरचा करंट मोजला. कान लावून बसले. मग धारेपुढे तळहात धरला आणि तोंड वाकडं केलं. “मोटर फिरते भाभी, पन दम नाई तिच्यात. पानी ढकलून नाई राहिली. कोणं भरली?”

भाऊजी त्या दिवशी मुद्दाम आले होते. ते म्हणाले, “वयनीनं भरली. टर्न दादानं सांगतले. बोटानं.”

टर्न म्हणजे तारेचे वेढे. भाईंनी यांच्याकडे पाहिलं नाही, मीटरकडे पाहिलं. “जुनी तार मोजली होती का?”

“जळलेली होती,” भाऊजी म्हणाले. “दादानं अंदाजानं सांगतले.”

“अंदाजानं,” भाई म्हणाले. मग गोड आवाजात म्हणाले, “होते कधी कधी. नवी हाय तवर पळते, मंग कळते. असं करू, उद्या मोटर सोडवू, मी मूर्तिजापूरले घेऊन जातो, तार कापून नवी भरून आनतो. आठ दिवस धरा.”

यांनी डाव्या हाताची बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. तोच आकडा. मग थांबले. पुन्हा सुरुवातीपासून दाखवला, आणि मध्येच त्यांना स्वतःचीच शंका आली असं तोंडावर दिसलं. हात हवेत राहिला. मग त्यांनी एक बोट कपाळाला लावलं, टक टक केलं, आणि हात झटकला. गेलं. डोकं पण गेलं.

हात गेला तेव्हा हे रडले नव्हते. बोलणं गेलं तेव्हा चिडायचे, पण रडले नव्हते. आता गालावरून पाणी आलं आणि ते पुसायला यांनी उजवा हात उचलायचा प्रयत्न केला, सवयीनं.

त्या दिवशी हे जेवले नाहीत. अंबाडीची भाजी आवडती, ती पण नाही. खुर्चीतून टाक्याकडे पाठ करून बसले. मी समोर जाऊन बसले तर माझ्याकडेही पाहिलं नाही. दिवसभरात एकदाही ‘पान’ म्हणाले नाहीत. ते ऐकू न येणं मला सहन होईना.

मला माहीत होतं की आकडा बरोबर आहे. ती मोटर माझ्या हातानं भरलेली होती. वीस दिवस ती कशी बोलत होती ते माझ्या कानात होतं. मोटर कमी पडली नव्हती, तिला काहीतरी अडवत होतं. आणि उद्या भाई ती उघडणार, चांगली तार कापून फेकणार, नवी भरणार, पुन्हा बसवणार, आणि तीच तीन अक्षरं पुन्हा उमटणार. आठ दिवस आणखी गेलेले असणार. आणि यांना कायमचं वाटत राहणार की डोकंही गेलं. हात गेलेला माणूस पाण्यात उतरतो. डोकं गेलं असं ज्याला वाटतं तो कशाला उतरेल?

सकाळी भाई आले, भाऊजी आले. फळी काढली. भाईंनी जमिनीवर पोतं अंथरलं, आडवे झाले आणि पहिल्या नटाला पाना लावला. नट खारानं जाम झाला होता. मी यांच्या खुर्चीमागे उभी होते. तोंडात शब्द तयार होता, दातांच्या आत. पहिला नट निघाला. भाईंनी तो पोत्यावर ठेवला. दुसरा निघाला.

तेव्हा हे वळले. भाईंकडे नाही, माझ्याकडे. आवाज अगदी बारीक, आता काही मिळणार नाही हे माहीत असलेल्या माणसाचा.

“पान…”

हे टाक्याकडे पाहत नव्हते. टाक्याच्या आत पाहत होते. मी त्यांच्या नजरेच्या मागे गेले. तिथे मोटर नव्हती, नट नव्हता. स्वच्छ, गार, आरशासारखं पाणी होतं.

आमच्या वऱ्हाडात पाणी म्हणत नाहीत कोणी. पानी म्हणतात. पाना आणि पानी. शेवटचा तुकडा तोंडात राहिला की दोन्ही सारखेच. प्यायचं पाणी आम्ही देऊन पाहिलं होतं, म्हणून पाणी आम्ही सोडूनच दिलं होतं.

“पानी?” मी म्हटलं. “याच्यातलं पानी?”

यांची मान इतक्या जोरात हलली की खुर्ची हलली.

“भाई, थांबा,” मी म्हटलं. परक्या माणसाला मी असं मोठ्यानं कधी बोलले नव्हते. भाई पोत्यावरून मान वर करून पाहत राहिले. “मोटर खोलू नका. पानीच खराब आहे. मी त्याच्यात… त्या दिवशी मी…”

आणि पुढचा शब्द यांच्यासारखाच माझ्याही तोंडात मोडला.

यांनी डावा हात उचलला. मूठ वळली, खाली पुरचुंडी लोंबावी तशी, आणि हवेत गोल फिरवली. एकदा, दोनदा, टाक्याच्या कडेनं चालल्यासारखी.

त्या दुपारी हे झोपलेले नव्हते.

मी तोंडावर पदर घेतला आणि पदराच्या आतून सगळं सांगितलं. खडा केवढा, कुटला कसा, कधी फिरवला. भाऊजी म्हणाले, “तुरटी? वयनी, टाक्याची दाढीबी करून देली का?”

भाई मात्र उठून बसले. “रुका, रुका. तुरटी गाळ गोळा करते. गोळा झालेला गाळ कुठं गेला? याले फिल्टर असन ना?”

“जाळी हाय ना, कचऱ्याची,” भाऊजी म्हणाले. “वयनी रोज धुतात.”

मी रोज धुवायची. कडुनिंबाची पानं अडकायची तिच्यात. पण हे ‘हं’ म्हणाले. तार चुकीच्या खाचेत गेल्यावर म्हणायचे तसं. बोट खाली केलं. आणखी खाली.

जाळीच्या खाली एक चकती होती. मला ती टाक्याचा तळच वाटायची. भाईंनी ती फिरवली, आत हात घातला आणि एक लांब, चुण्या चुण्या असलेली गुंडाळी वर काढली. ती पांढऱ्या चिकट थरानं भरली होती, दूध फाटून फडक्यात बसतं तशी. एका चुणीतही जागा नव्हती.

“या अल्ला,” भाई म्हणाले. “पानी जाईन तरी कुठून?”

दोन्ही नट परत बसवले. गुंडाळी न बसवताच मोटर सुरू केली. पहिल्या क्षणी मी काचेकडे पाहिलं नाही, मी ऐकत होते. आवाज भरला. तोच आवाज, वीस दिवस ऐकलेला. धार इतकी जोरात आली की भाऊजींच्या सदऱ्यावर उडाली. काचेत आकडा होता. आम्ही थांबलो. खूप वेळ थांबलो. खुंटी आली नाही. तापवायच्या नळीचा लाल दिवा लागला आणि लागलेलाच राहिला.

भाई यांच्यापुढे जाऊन बसले. “मिस्त्री, तुमचे टर्न बराबर होते. माझंच डोकं गेलं होतं. माफी द्या.”

यांनी एक बोट कपाळाला लावलं. टक टक केलं. या वेळी हात झटकला नाही.

मी पुष्कळदा विचार करते. पुरचुंडी फिरवायची खूण हे पहिल्याच दिवशी करू शकले असते. भाऊजी, जाऊबाई सगळ्यांसमोर. केली नाही. नुसतं ‘पान’ म्हणत राहिले, आणि मला पाने देत बसवलं. विचारलं तर सांगता येणार नाही त्यांना, आणि मी विचारणारही नाही.

टाकं रिकामं केलं, घासलं. गुंडाळी चार पाण्यांत धुवून उन्हात वाळवली. पुन्हा भरलं. भाऊजींनी औषध आणलं, आणि डबा माझ्या हातात न देता यांच्या हातात दिला. चिडले होते, ते बरोबरच होतं. जाऊबाई अजूनही फोनवर विचारतात, “काय म्हनते तुमची तुरटी?”

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी पुरेसं तापलं. मी यांना धरून पायरीवरून उतरवलं. पाणी छातीपर्यंत आलं तेव्हा यांनी मोठा श्वास सोडला. छातीशी आखडलेला हात मी धरून हळूहळू सरळ केला. मोटर बंद केली, पाणी स्थिर होऊ दिलं, आणि करंगळीकडे पाहत बसले.

हलली नाही.

किती दिवस गेले ते मी बोटांवर मोजलं, मग मोजणं सोडून दिलं. मॅडम गुरुवारी येणार होत्या. त्यांना हे पण सांगावं लागणार होतं, पदर न घेता.

“पान…” हे म्हणाले.

मी काचेकडे पाहिलं. आकडा होता. फळीकडे पाहिलं. “पानी? गार झालं का?” मान नकारात हलली. “पाना? काही ढिलं झालं का?” मान नाही. यांचं अर्धं तोंड वर गेलं. डाव्या हाताची दोन बोटं ओठांशी नेली आणि गाल फुगवला.

यांना डाव्या हातानं कड धरायला लावून मी घरात गेले. फडक्यात दोन पानं होती, एक पिवळं पडलेलं. डॉक्टरांनी तंबाखू बंद केली होती, सुपारीची मला भीती वाटली, घशात अडकली तर. नुसता चुना बोटाच्या टोकाएवढा आणि बडीशेप घातली. टाक्याच्या कडेला बसून यांच्या तोंडात विडा दिला. हे डोळे मिटून चावत राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत नव्हते. पाण्याखालच्या करंगळीकडे पाहत होते.